बावीस दगड, एकवीस डोकी

त्यांना सगळे एकदोनबाई म्हणायचे. पोरं तोंडावर म्हणायची, पोरांचे आईबाप पाठीमागे म्हणायचे, आणि नवरा भांडण झालं की मुद्दाम म्हणायचा. कारण सरळ होतं. बाई सतत मोजत असायच्या. वर्गातून अंगणात जाताना एक, दोन, तीन. अंगणातून वर्गात येताना एक, दोन, तीन. मध्येच कुणी शूला जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून. बालवाडीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला मोजायची सवय लागणारच म्हणा, पण यांचं मोजणं शाळा सुटली तरी सुटत नसे. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, दोरीवरचे चिमटे मोजायचे, घरी चार पाहुणे जेवायला बसले तर त्यांची डोकी मोजायची.

"अगं, चौघं आहेत. ताट सोडून कुठे पळून जाणार आहेत?" नवरा म्हणायचा. तो शिंपी. मोजमापाचाच धंदा त्याचाही. "पण गिऱ्हाईक गेलं की मी टेप गळ्यातून काढून ठेवतो," तो म्हणे. "तुझी टेप काही निघत नाही."

बाई यावर हसायच्या आणि गॅस बंद आहे की नाही ते तिसऱ्यांदा बघून यायच्या.

दुसरी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नव्हती. वर्गात बाई पोरांबरोबर खाली बसायच्या. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात बसल्या तर दोन पोरं मांडीवर, एक पाठीवर, अशी गत. पुस्तकांच्या सतरंजीवर तर चक्क आडव्या व्हायच्या. पण अंगणात त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. उंबरा ओलांडला की मान ताठ. तिथे तीन पायऱ्या होत्या, त्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर त्या उभ्या राहायच्या, कारण तिथून सगळं दिसतं. वाळूचा हौद दिसतो, टायर आणि फळ्या दिसतात, जुनी भांडी मांडलेली, बिनभिंतींची चिखलाची खोली दिसते, मोठं झाड दिसतं, भाजीचा वाफा दिसतो. दिसत नाही ती एकच जागा. कोपऱ्यात सिमेंटची पाण्याची टाकी आहे, तिच्यामागची. तिथे त्या दर पाच मिनिटांनी स्वतः जाऊन यायच्या.

लोकांना वाटायचं, बाईंचा अंगणावर केवढा जीव! ऊन असो, वारा असो, पोरांना रोज दीड तास बाहेर काढतात. खरं सांगायचं तर बाई अंगणाला घाबरत होत्या. रोज. एकतीस वर्षांतली अठ्ठावीस वर्षं.

त्याचं असं झालं होतं. नोकरीचं तिसरं वर्ष. पोरं अंगणातून आत आली, हात धुतले, डबे उघडले, दार लागलं. आणि एक डबा तसाच बंद. बाईंनी तो डबा पाहिला आणि त्या बाहेर धावल्या. चार वर्षांचा एक मुलगा वीस मिनिटं बाहेर एकटा राहिला होता. सापडला टाकीमागे. बाई त्याला कडेवर घेऊन आल्या तेव्हा पोर हमसून हमसून रडत होतं. सगळ्यांनी पाहिलं. "अगं बाई, किती घाबरलंय लेकरू!" शाळेतल्या सगळ्या बायका म्हणाल्या. त्याला काही झालं नव्हतं, त्याच्या आईनंही बोल लावला नाही. पण बाईंचं मोजणं त्या दिवशी सुरू झालं.

शाळेत नवीन शिक्षिका आली की पहिल्याच दिवशी बाई तिला ही गोष्ट सांगायच्या. अर्धीच सांगायच्या. उरलेली अर्धी त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

नुसत्या मोजण्यावर भागेना, तेव्हा बाईंनी दगड आणले. नदीतले चपटे, गुळगुळीत, पोरांच्या मुठीत मावतील असे. तीन-चार वर्षांच्या पोरांना नाव वाचता येत नाही, म्हणून दरवर्षी प्रत्येकाच्या दगडावर एक चित्र. कुणाचं बदक, कुणाची किल्ली, कुणाची बादली, कुणाचं घुबड. पोरं आपापलं चित्र इतकी जपायची, की वर्गात एकमेकांना त्याच नावानं हाका मारायची. "ए घुबडा, सरक ना तिकडे!" सकाळी आलं की फळीवरचा आपला दगड उचलायचा आणि आतल्या टोपल्यात टाकायचा. अंगणात जाताना आतल्या टोपल्यातला काढून पायरीवरच्या टोपल्यात. परत येताना उलटं. जो आलाच नाही त्याचा दगड फळीवर. म्हणजे कोण घरी, कोण आत, कोण बाहेर, हे एका नजरेत कळलं पाहिजे. दगडही मोजायचे, डोकीही मोजायची, आणि दोन्ही आकडे जुळले की बाई श्वास सोडायच्या.

या वर्षी दगड बावीस होते. त्यातली किल्ली म्हणजे एक अजब पोर. जून महिन्यापासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. मुकी नाही, बहिरी नाही, हट्टी तर मुळीच नाही. रंगाच्या टेबलाशी बसेल, ठोकळे रचेल, सांगितलं ते सगळं करेल, पण तोंडाला कुलूप. "हिचं चित्र तरी किल्ली कशाला काढलं?" असं धाकट्या बाई एकदा गमतीनं म्हणाल्या होत्या. या धाकट्या बाई म्हणजे एकदोनबाईंच्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी. कामाला चुणचुणीत, पण जरा घाईची. तर ही किल्ली उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बोलायची! आणि कशी? चिखलाच्या खोलीत बदकाशेजारी बसून अखंड टकळी. बदक म्हणजे गोबऱ्या गालांची, सदा नाक ओढणारी पोरगी. दोघी दिवसभर एकमेकींना चिकटलेल्या. पण गप्पा बाहेर, आत फक्त हात धरायचा. किल्लीची आई एकदा कुंपणाबाहेर उभी राहून ऐकत होती आणि डोळे पुसत होती.

आता अध्यक्षांकडे येऊ. शाळा चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. वाईट माणूस अजिबात नाही. पोरांच्या काळजीनं त्यालाही झोप लागत नसावी, कारण तो जिथे जाईल तिथे त्याला पोरं पडताना दिसायची. झाडावरून पडतील, टायरवरून पडतील, चिखलात पडतील. त्याच्या डोक्यात एक योजना होती. अंगण बंद करायचं, त्यावर छप्पर घालायचं, खाली मऊ रबर, चार भिंती, आत प्लास्टिकची घसरगुंडी. ऊन नाही, चिखल नाही, फाटक नाही.

"तुम्ही म्हणाल तसं, बाई," तो म्हणाला होता. "अंगण तुम्ही सांभाळलंत. तुमचा शेरा आणि सही असली की समितीत कुणी ब्र काढणार नाही. चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. तुमच्यामागे एवढं मोजणार कोण, सांगा?"

आणि एक कागद दिला. अंगण मुलांसाठी सुरक्षित आहे की नाही, शेरा, सही. बस, एवढंच.

तो कागद तीन दिवस बाईंच्या पर्समध्ये होता. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवूनच तो भरला. 'आहे'वर काट मारली. शेऱ्यात लिहिलं, 'देखरेख अवघड. बंद करावे.' खाली सही. नवरा चष्म्यावरून बघत होता.

"झालं एकदाचं?" तो म्हणाला.

"झालं."

"मग चेहरा असा का? सुटल्यासारखा दिसायला हवा."

"तुमचं आपलं काहीतरीच," बाई म्हणाल्या. त्यांचा चहा तसाच राहिला होता, वर साय आली होती. खरंच, हलकं वाटायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांची धाकधूक एका सहीत मिटत होती. पण तसं वाटेना. त्यांनी पर्स बंद केली, जिना उतरल्या, पायऱ्या मोजल्या. अठरा. रोजच्याच.

त्या दिवशी अध्यक्ष जागेचं माप घ्यायला ठेकेदाराला घेऊन येणार होते आणि जाताना कागदही नेणार होते. शाळेत नुसती धांदल. धाकट्या बाई पोरांची चित्रं भिंतीवर चिकटवत होत्या, रंगाचं टेबल पुसत होत्या, अध्यक्षांना बसायला मोठी खुर्ची शोधत होत्या, कारण बालवाडीतल्या खुर्चीत अध्यक्ष एकदा अडकले होते. या गडबडीत हजेरीचा पट तसाच राहिला. मग त्यांनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी. म्हणजे सगळे आलेत. बावीस जणांपुढे बावीस खुणा करून त्या मोकळ्या झाल्या. एरवी एकेकाचं तोंड बघून हजेरी घ्यायची, हा एकदोनबाईंचा दंडक. पण एक दिवस चालतंय, असं धाकट्या बाईंना वाटलं.

आणि एकदोनबाई? त्यांचंही ऐका. पोरं अंगणात निघाली, बाई दारात उभ्या राहून डोकी मोजू लागल्या. सतरा, अठरा, एकोणीस... तेवढ्यात फाटकातून ठेकेदाराची लांबलचक शिडी आत आली आणि तिच्यामागून अध्यक्षांची हाक आली, "बाई, जरा इकडे या, हे झाड कुठवर जातं हो?" आकडा तुटला. बाईंनी पायरीवरच्या टोपल्यात बघितलं. दगड बावीस. बरोबर आहे की, असं म्हणून त्या झाडाकडे गेल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या नुसत्या दगडांवर विसंबल्या.

दीड तास माप घेणं चाललं. पोरं ठेकेदाराच्या टेपमागे धावत होती. त्याच्या टेपनं टायर मोजून घेतले, एकमेकांची नाकं मोजून घेतली. मग आत यायची वेळ झाली. पोरं रांगेनं आली, एकेक दगड उचलून आत गेली. बाई शेवटी टोपलं उचलायला वाकल्या.

टोपल्यात एक दगड होता. बदक.

"बदक!" बाईंनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "ए बदक, चल बाळा!"

कुणी आलं नाही. बाई टाकीमागे गेल्या. कुणी नाही. चिखलाच्या खोलीत नाही, टायरमध्ये नाही, झाडाच्या बुंध्यामागे नाही. वर्गात धावत येऊन डोकी मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. एकवीस. स्वच्छतागृहाची दोन्ही दारं उघडली. मग त्यांनी फाटकाकडे बघितलं.

फाटक सताड उघडं होतं. शिडी आत घेताना उघडलं ते उघडंच. पलीकडे रस्ता. रस्त्यावर एक टेम्पो भरधाव गेला.

बाई रस्त्यावर धावल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं, "लहान मुलगी पाहिलीत का? एवढीशी? नाक गळतंय तिचं!" तो हातातली चाकाची तार तशीच धरून म्हणाला, "नाही बाई, मी सकाळपासून इथंच आहे. लहान पोर दिसलं असतं तर थांबवलंच असतं मी." तरी तो बिचारा उठून एका बाजूला बघायला गेला, ठेकेदार दुसऱ्या बाजूला.

वर्गात धाकट्या बाईंचं तोंड पांढरं पडलं होतं. त्या बदकाच्या आईला फोन लावत होत्या. आई कारखान्यात, तिथे कामावर असताना फोन कपाटात ठेवावा लागतो. घंटी वाजत राहिली. अध्यक्ष गुडघे टेकून पोरांसमोर बसले होते. "बाळांनो, बदक कुणाला दिसली? कुणाबरोबर गेली? जो सांगेल त्याला गोळी!"

घुबड म्हणालं, "ती झाडावर गेली." बादली म्हणाली, "तिला वाघानं नेलं." गोळीसाठी पोरं काय वाटेल ते सांगायला तयार होती. किल्ली भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्षांनी तिलाच धरलं. "तू तर तिची मैत्रीण ना? सांग ना राणी. कुठे आहे ती?"

किल्लीचे ओठ हलले. आवाज आला नाही. ती बाईंकडे बघत होती, एकटक.

"साहेब, ती आत बोलत नाही," धाकट्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"आत बोलत नाही म्हणजे?"

उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. पोलिसांना कळवायचं का, यावर अध्यक्ष आले होते. एकदोनबाई पुन्हा बाहेर निघाल्या. टाकीमागे दोनदा बघून झालं होतं, तरी तिसऱ्यांदा. गॅसचं बटण बघावं तसं. देवा, त्या मनात म्हणत होत्या, मी सही केली आहे, कागद तयार आहे, आजच देते, आत्ता देते, फक्त ही एक पोर सापडू दे. पुन्हा कुणाला बाहेर काढणार नाही मी. कध्धी नाही.

टाकीमागे चार सुकलेली पानं होती.

"बाई."

बाई वळल्या. मागे किल्ली उभी होती, अनवाणी. त्यांच्या मागोमाग आली होती.

"बदक इथे नाहीये, बाई."

"कुठे आहे?" बाई खाली वाकल्या. "कुठे आहे गं ती?"

"घरी. तिला ताप आलाय. काल तिचा हात गरम गरम होता. ती म्हणाली, उद्या आई मला पाठवणारच नाही."

"मग दगड? दगड कसा आला तिचा?"

"मी आणला. फळीवरून आतल्या टोपल्यात, मग बाहेर. या हातात माझा आणि या हातात तिचा." किल्लीनं दोन्ही मुठी दाखवल्या. "ती म्हणाली, मी नसले तरी माझा दगड बाहेर ने. आत त्याला कंटाळा येतो."

"आणि मग आत येताना का नाही आणलास?"

"त्याचं खेळून नव्हतं झालं," किल्ली म्हणाली.

बाईंचा हात वर गेला.

भीती उतरताना माणसाचं काय होतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच ठाऊक. अर्धा तास जीव टांगणीला लावलेला, आणि ही एवढीशी पोर सांगते, दगडाचं खेळून नव्हतं झालं! हात वर गेला आणि तिथेच थांबला. बाईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यांना तो हात ओळखीचा वाटला. हीच जागा होती. हीच टाकी.

तीच ती उरलेली अर्धी गोष्ट. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाई धावत टाकीमागे आल्या, तेव्हा तो मुलगा रडत नव्हता. अजिबात नाही. तो चिखलाचे गोळे ओळीनं मांडत बसला होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता. दार लागलं, सगळे आत गेले, आपल्याला विसरले, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "थांबा ना बाई, दोनच राहिलेत." आणि बाईंनी त्याच्या गालावर चापट मारली होती. तो रडला तो त्या चापटीनं. बायका म्हणाल्या, किती घाबरलंय लेकरू, आणि बाईंनी त्यांना म्हणू दिलं. इतकी वर्षं म्हणू दिलं. पुढे पुढे तर त्यांनाही तसंच आठवायला लागलं होतं.

बाईंनी हात खाली घेतला. त्या तिथेच, टाकीला पाठ लावून, मातीत बसल्या. किल्ली शेजारी बसली.

"आत एवढे सगळे विचारत होते," बाई म्हणाल्या. "तेव्हा का नाही बोललीस, बाळा?"

"मी बोलत होते," किल्ली म्हणाली. "आत येतच नाही मला."

बाईंनी तिला जवळ ओढलं आणि त्या रडल्या. चांगल्या मोठ्यानं रडल्या. किल्ली त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली, जशी ती बदकाला थोपटायची.

दोघी आत आल्या तेव्हा फोन वाजत होता. बदकाची आई. हो, घरीच आहे, रात्रीपासून ताप, आजीपाशी ठेवलंय, घाईत कळवायचं राहिलं, का हो, काय झालं? "काही नाही, काही नाही," धाकट्या बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून मटकन खाली बसल्या. हजेरी दगड बघून भरली, हे त्यांनी स्वतःहूनच सांगून टाकलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अध्यक्षांनी कपाळ पुसलं, वाघाची गोष्ट सांगणाऱ्या बादलीला गोळी देऊन टाकली, आणि म्हणाले, "बघितलंत ना बाई? आज देवानं वाचवलं. हेच मी म्हणतोय. द्या तो कागद, आजच लावून टाकू निकाल."

बाईंनी पर्स उघडली. कागद काढला. अध्यक्षांनी तो वाचला आणि समाधानानं मान हलवली.

"पलटून द्या जरा," बाई म्हणाल्या. "मागे लिहायचं राहिलंय."

त्या पोरांच्या टेबलाशी, पोरांच्या खुर्चीत बसल्या. रंगाच्या वाटीशेजारी कागद ठेवून लिहायला लागल्या. लिहिताना बोलतही होत्या. चापटीची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली, अध्यक्षांसमोर, धाकट्या बाईंसमोर, शिडी धरून उभ्या ठेकेदारासमोर. मान वर न करता सांगितली. सांगून झाल्यावर कागद अध्यक्षांपुढे सरकवला.

मग अध्यक्षांनी कागद वाचला. 'पुढच्या बाजूचा शेरा मी भीतीपोटी लिहिला होता. तो रद्द समजावा. आज अंगणात मूल हरवलं नाही. मोजण्यात चूक झाली, ती आम्हा दोघींची. फाटक उघडं राहिलं, ती मोठ्यांची. फाटकाला आपोआप लागणारी कडी बसवावी. आमच्याकडे एक मुलगी आहे, ती चार भिंतींत बोलू शकत नाही. आज ती बोलली म्हणून आपल्याला कळलं. अंगण बंद करू नये.' खाली सही.

"बाई, पण उद्या खरंच काही झालं तर?" अध्यक्षांचा आवाज खाली आला होता. "मला तर आत्ता घाम फुटला होता हो."

"मलाही," बाई म्हणाल्या. "मला रोज फुटतो. उद्याही फुटेल. पण तो आपला घाम, साहेब. त्याच्यासाठी त्यांना का कोंडायचं?"

कागद हातात धरून अध्यक्ष बघत होते किल्लीकडे. ती पुन्हा भिंतीला टेकून उभी होती, तोंड घट्ट मिटून. मग त्यांनी कागदाची घडी खिशात घातली, बाहेर गेले आणि फाटक स्वतःच्या हातानं लावून आले. ठेकेदाराला म्हणाले, "छपराचं राहू दे. कडीचं माप घे."

शाळा सुटायला अजून पाऊण तास होता. डबे खाऊन झाले होते. धाकट्या बाई गोष्टीचं पुस्तक शोधत होत्या, पोरांना आज गप्प बसवलेलं बरं, असा त्यांचा विचार.

"चला," एकदोनबाई म्हणाल्या. "दगड घ्या. पुन्हा बाहेर."

"आत्ता? परत?" धाकट्या बाईंचे डोळे विस्फारले.

बाईंची भीती होतीच. ती कुठे जातेय! पण त्या दारात उभ्या राहिल्या. पोरं आपापले दगड घेऊन निघाली. किल्ली सगळ्यात शेवटी आली. बाईंसमोर थांबली. एका मुठीत तिचा दगड होता. दुसरी मूठ तिनं उघडून वर धरली. बदक. तोंडानं काही बोलली नाही, आत होती ना. नुसती बघत राहिली.

"ने," बाई म्हणाल्या. "पण असं मला दाखवून न्यायचं. रोज."

किल्लीनं मान हलवली. बाईंनी शेवटचं डोकं मोजलं.

"एकोणीस, वीस, एकवीस."

किल्लीनं उंबरा ओलांडला, दोन्ही दगड टोपल्यात ठेवले, आणि मागे वळून मोठ्यानं म्हणाली, "आणि बदक घरी!"

"आणि बदक घरी," बाई म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या.